फोटोची डागडुजी आणि पडद्यावरील चित्रकला

सुरगाणा तालुक्यातील पाड्यांवर लग्नकार्य निघाले की कुडाची भिंत सारवली जाते, तिला गेरूचा हात दिला जातो आणि तांदळाच्या पिठाने तिच्यावर पांढऱ्या आकृती उमटू लागतात. बोहाड्याच्या दिवसांत देवादिकांचे व प्राण्यांचे रंगविलेले मुखवटे बाहेर निघतात. ही कामे पाहत वाढलेले मूल रंगाला भिते असे म्हणता येत नाही. भिंत ऐसपैस असते, पीठ घरचे असते आणि चुकले तर पुन्हा सारवता येते. त्याच मुलाच्या हाती शाळेतील टॅब देऊन ‘आता चित्र काढ’ असे सांगितले की मात्र त्याचे बोट पडद्यापासून चार अंगुळे दूर थबकते. शिक्षकांचीही स्थिती पुष्कळदा याहून निराळी नसते. किंबहुना मुलांच्या ठायी दिसणारी भीती ही अनेकदा शिक्षकांच्या भीतीची पडछाया असते, आणि टॅब कपाटात कुलूपबंद राहण्याचे ते एक मोठे कारण आहे.

ही भीती निराधार आहे असे म्हणून ती जात नाही. तिची कारणे पाहिली पाहिजेत. यंत्र महाग आहे, ते बिघडेल, हे पहिले कारण. पडद्याच्या कडेने मांडलेली पंचवीस-तीस चिन्हे पाहून मन गोंधळते, हे दुसरे. परंतु ही दोन्ही कारणे आठवडाभराच्या सवयीने मागे पडतात. मागे न पडणारे कारण तिसरे होय, आणि ते म्हणजे कोरा पांढरा पडदा. भिंतीला पोत असतो, कागदाला रंग व खरखर असते. पडद्यावरचा पांढरा रंग मात्र निव्वळ उजेड असतो. त्यावर काय काढावे, कोठून आरंभ करावा, कोणता रंग घ्यावा, रेघ किती जाड असावी, हे सर्व प्रश्न एकाच क्षणी पुढे उभे राहतात. पट्टीच्या चित्रकारालाही जेथे थांबावे लागते, तेथे चौथीतील मुलाने बिचकावे यात नवल नाही.

यास्तव कोऱ्या पडद्याने आरंभच करू नये. आरंभ घरातील एखाद्या जुन्या, डागाळलेल्या फोटोने करावा. फोटोवरील धूळ पुसणे, ओरखडा बुजविणे, फाटलेला कोपरा भरून काढणे या कामांत ‘काय काढावे’ हा प्रश्न उद्भवतच नाही. चित्र अगोदरच समोर असते. त्यात जेवढे उणे आहे तेवढे भरावयाचे असते. प्रश्न लहान होतो आणि हात मोकळा होतो. या कामाला गुण नसावेत, स्पर्धा नसावी, वेळेची मर्यादा नसावी. फावल्या वेळी, गप्पा मारता मारता, पाच-दहा मिनिटे करावयाची ही खटपट आहे. तिचे स्वरूप असे हलके राहिले तरच तिचा उपयोग होतो.

फोटोच्या वाटेने चित्राकडे जाणे ही काही नवी कल्पना नव्हे. फोटोग्राफी आणि चित्रकला यांची संगत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदुस्थानात छायाचित्रांवर हाताने रंग भरण्याची प्रथा रुजली. नाशिक जिल्ह्यातील वाचकाला तर याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण या दोहोंचा अभ्यास केला. गोध्रा येथे त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय केला, नंतर छपाईच्या ठशांची कामे केली, आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. चित्र, फोटो, छपाई आणि चित्रपट यांच्यामध्ये त्यांनी कोठेही भिंत मानली नाही.

त्या काळच्या स्टुडिओत ‘टचिंग’ हे स्वतंत्र कसबाचे काम होते. काचेच्या निगेटिव्हला एक विशिष्ट द्रव लावून पृष्ठभाग किंचित खरबरीत करीत आणि तिच्यामागे उजेड ठेवून अत्यंत टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके देत. निगेटिव्हमध्ये सुरकुती ही पारदर्शक रेघ असते. तीवर पेन्सिलीची काजळी बसली की तेथून उजेड कमी जाई आणि छापलेल्या प्रतीत ती सुरकुती फिकी होई. प्रत छापताना एखादा भाग फार काळा येत असेल तर काडीला चिकटविलेली पुठ्ठ्याची टिकली उजेडाखाली हलवीत, म्हणजे तेवढ्या भागाला उजेड कमी मिळे व तो उजळ राही. उलट करावयाचे असल्यास हाताच्या मुठीतील फटीतून तेवढ्याच भागाला अधिक उजेड देत. टॉमस व जॉन नोल या बंधूंचे ‘फोटोशॉप’ १९९० साली विक्रीस आले, तेव्हा अंधारखोलीतील या युक्त्या त्यात जशाच्या तशा उतरल्या. काडीवरील टिकली आणि अर्धवट मिटलेला हात ही दोन चिन्हे आजही त्या संगणकीय आज्ञावलीत आढळतात; ज्याला त्यांचे मूळ ठाऊक आहे त्याला ती कोड्यासारखी वाटत नाहीत. फोटोशॉपला पैसे पडतात. शाळेला त्याची आवश्यकता नाही. संगणकावर ‘गिम्प’ व ‘क्रिटा’ ही मोफत मिळतात, मोबाइलवर ‘स्नॅपसीड’ व ‘आयबिस पेंट’ पुरेसे होतात. डाग पुसण्यासारखी साधी कामे एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटवाचूनही करता येतात. सुरगाण्याच्या पावसाळ्यात ही सोय लहान नाही.

प्रथम फोटोचा फोटो घ्यावा लागतो. जुनी प्रत दारातील किंवा खिडकीतील सावलीच्या उजेडात सपाट ठेवावी व मोबाइल तिला समांतर धरावा. ऊन किंवा फ्लॅश नको. त्याची चकाकी उमटते. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. दमट हवेत फोटोचा वरचा थर फ्रेमच्या काचेला चिकटून बसतो, आणि असा फोटो ओढून काढला तर चेहऱ्याचा भाग सोलून काचेवर राहतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील या पावसाळी प्रदेशात असे चिकटलेले फोटो घरोघर आढळण्याचा संभव आहे. ते काढू नयेत. काचेसकटच त्यांचा फोटो घ्यावा. बुरशीचे डाग ओल्या फडक्याने पुसू नयेत. मोबाइलवर घेतलेल्या प्रतीची लगेच दुसरी प्रत करून पहिली बाजूला ठेवावी. मूळ सुरक्षित आहे ही जाणीवच निम्मी भीती घालविते.

मग धुळीचे ठिपके. याकरिता असलेले साधन ठिपक्याच्या आसपासचा पोत घेऊन ठिपका झाकते. बोट टेकले की डाग नाहीसा होतो. पाच मिनिटांत तीस-चाळीस ठिपके जातात आणि मुलाच्या चेहऱ्यावर हसू येते. येथेच शिक्षकाने सावध राहिले पाहिजे. कारण सुरगाण्यातील एखाद्या आजीच्या फोटोत कपाळावर, हनुवटीवर ठिपके असतात, ते धुळीचे नसतात. ते गोंदण असते. यंत्राला धूळ आणि गोंदण यांतील भेद कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही डागच. एका स्पर्शात आजीचे गोंदण पुसले जाते आणि फोटो अधिक ‘स्वच्छ’ दिसतो, पण त्यातून आजीची ओळख गेलेली असते. हाच मजकूर कानावरील बाळीचा, कपाळावरील व्रणाचा, देवीच्या वणांचा.

म्हणून प्रत्येक ठिपक्यापाशी मुलाने थांबावे आणि विचारावे, हे फोटोवर पडलेले आहे की माणसावर असलेले आहे? उत्तर फोटोत सापडत नसेल तर घरी जाऊन विचारावे. आजी हयात असेल तर तिच्याच कपाळाकडे पाहावे. ती नसेल तर तिच्या बहिणीला, शेजारणीला विचारावे. या विचारपूशीतून गोंदण कोणी केले, केव्हा केले, किती दुखले, याच्या हकिकती निघतात, आणि मूल दुसऱ्या दिवशी फोटोसमोर बसते ते निराळ्या नजरेने. चित्रकलेच्या पाठ्यक्रमात निरीक्षणाला जे स्थान दिले जाते ते याच कारणास्तव. ठिपका ठेवावा की काढावा हा निर्णय ज्याने शंभर वेळा घेतला, त्याला पुढे ठिपका कोठे द्यावा हे ठरविणे जड जात नाही.

यानंतर रंग. पडद्यावरील चित्रकलेच्या प्रत्येक साधनात रंग उचलण्याची एक नळी असते. फोटोतील कोणत्याही जागी ती टेकविली की तेथील नेमका रंग हाती येतो. तिचा वापर एखाद्या खेळासारखा करून घ्यावा. आजोबांचा सदरा कोणत्या रंगाचा, असे विचारावे. मुले ‘पांढरा’ म्हणतील. मग नळी टेकवावी. सावलीतील घडीवर ती करडा रंग दाखविते, कधी त्यात निळसर झाक असते, आणि पिवळ्या पडलेल्या जुन्या प्रतीत तर तोच सदरा मातकट निघतो. केस काळे म्हणावेत तर उजेडाच्या बाजूस ते तपकिरी भरतात. जुन्या फोटोत निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा बहुधा कोठेच सापडत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड एडेलसन यांनी १९९५ साली बुद्धिबळाच्या पटासारखे एक चित्र प्रसिद्ध केले आहे. त्यातील उजेडातले एक गडद घर आणि सावलीतले एक फिके घर अगदी एकाच करड्या रंगाचे आहे, आणि हे माहीत असूनही डोळा ते मान्य करीत नाही. असे चित्र दाखविता आल्यास मुलांना फार गंमत वाटते. तथापि आजोबांच्या सदऱ्यानेही तेच काम होते. अगोदर अंदाज, मग नळी, असा क्रम मात्र सोडू नये. नळीच आधी टेकविली तर डोळा शिकत नाही.

ओरखडे आणि फाटलेले कोपरे यांत ब्रशचे खरे शिक्षण होते. ब्रशच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे: आकार, कडेचा कठीणपणा आणि रंगाचा दाटपणा. दाटपणा दहा ते वीस टक्के ठेवावा. म्हणजे एका फटकाऱ्याने काही बिघडत नाही आणि तीन-चार फटकाऱ्यांनी हवी ती छटा हळूहळू जमते. पेन्सिलीने निगेटिव्हवर ठिपके देणारा टचिंगवालाही याच धिमेपणाने काम करीत असे. गालावरून गेलेला ओरखडा बुजविताना गालाच्या गोलाईबरोबर हात फिरवावा लागतो; लुगड्याच्या घडीवरून गेलेला ओरखडा घडीच्या दिशेने. दिशा चुकली की डाग गेला तरी ठिगळ दिसते, आणि हे ठिगळ मुलांच्या डोळ्यांना शिक्षकांपेक्षा आधी दिसते. फोटो फार मोठा करून एकाच जागी खुटखुट करीत बसण्याची खोड मात्र लवकर लागते. दर दोन-तीन मिनिटांनी संपूर्ण फोटो पाहावयास लावावा.

थर हा या कलेतील सर्वांत उपयुक्त भाग होय. फोटोच्या वर एक रिकामा पारदर्शक थर घ्यावयाचा व सारी रंगरंगोटी त्यावर करावयाची. पुस्तकातील चित्रावर बटरपेपर ठेवून त्यावर लिहावे, तद्वत हे आहे. वरचा थर पुसला तरी खालचा फोटो अबाधित राहतो. स्नॅपसीडमध्ये असे रिकामे थर घेऊन रंगविता येत नाही, म्हणून ते ठिपके पुसण्यापुरतेच वापरावे आणि पुढील कामास उपरोक्त इतर साधनांपैकी एखादे घ्यावे. केलेला फटकारा मागे घेण्याची सोयही असते. पण या सोयीचा अतिरेक झाला तर ती भीती घालविण्याऐवजी पोसते. प्रत्येक रेघ काढून लगेच मागे घेणारे मूल तासाच्या अखेरीस जेथल्या तेथे असते. दहा फटकारे होईपर्यंत मागे फिरावयाचे नाही, असा साधा नियम वर्गाला घालून द्यावा.

आता फाटलेला कोपरा घ्यावा. तेथे फोटोच नाही, पांढरा कागद उघडा पडला आहे. शेजारी भिंत असेल तर भिंत पुढे न्यावी लागते, झाड असेल तर झाड. मुलाला सांगू नये की हे चित्र आहे. ते भिंतीचा रंग उचलते, खाली थोडा गडद करते, सारवणाचा पोत दाखविण्यासाठी दोन-चार आडवे हात देते, आणि अंगुळभर जागा त्याने स्वतः रंगविलेली असते. पुढे याच रीतीने फोटोची चौकट वाढवावी: कडेने कापले गेलेले दार पुरे करणे, डोक्यावर आकाश वाढविणे, पायाखाली अंगण देणे. दिवसेंदिवस फोटोचा भाग कमी आणि रंगविलेला भाग अधिक होत जातो. कृष्णधवल फोटो असेल तर वरच्या थराची पद्धत ‘कलर’ अशी ठेवून त्यात रंग भरावेत. मग छाया-प्रकाश फोटोचे राहतात आणि रंग मुलाचा. हाताने रंगविलेल्या जुन्या फोटोंत पारदर्शक रंगांनी हेच साधले जाई. लुगड्याचा खरा रंग कोणता होता हे अर्थातच पुन्हा घरी विचारावे लागते. शेवटी फोटो पुसट करून त्याच्या वरच्या थरावर मोठ्या ब्रशाने ढोबळ छटा मांडावयास सांगावे, आणि एके दिवशी खालचा फोटो झाकून टाकावा. पडद्यावर उरते ते चित्र असते. त्यानंतर कोरा पडदा पुढे आला तर तो पूर्वीइतका कोरा वाटत नाही.

याला एक आक्षेप घेतला जातो: ही नक्कल झाली, यातून स्वतंत्र चित्र कसे येणार? आक्षेपात तथ्य आहे, पण ते फोटोची बाह्यरेषा गिरविण्यापुरते. फोटोवर कागद ठेवून नुसती कडा गिरविणाऱ्याच्या हाती रेघेखेरीज काही लागत नाही. अशी गिरवणी करवून घेऊच नये. डागडुजीत रेघ क्वचितच येते. येतात त्या छटा, दिशा आणि पोत. शिवाय माध्यम बदलल्याने हाताची ओळख पुसली जाते असेही नाही. वारली चित्रे १९७० नंतरच्या दशकात भिंतीवरून कागदावर व कापडावर आली. डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर काढली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. कागदावरही त्यांची चित्रे वारलीच राहिली. सुरगाण्यातील मुलाने भिंतीवरील चौक पडद्यावर काढला तर त्यात बिचकण्याजोगे काही नाही.

दोन गोष्टींविषयी मात्र कठोर राहिले पाहिजे. मोबाइलमधील अनेक साधने चेहरा दिसताच तो आपोआप गोरा आणि गुळगुळीत करतात. मुलांना ते आवडते, पालकांनाही आवडते. शाळेने ते करू नये. उन्हातान्हात नागली लावणाऱ्या माणसाचा वर्ण हा फोटोवरील डाग नव्हे; तो उजळण्याचा पाठ शाळेतून मिळाला तर मूल स्वतःच्या चेहऱ्याविषयीही तेच शिकेल. दुसरी गोष्ट, जुना फोटो दिला की क्षणार्धात नवा करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्वत्र झाली आहेत. पुसट झालेला डोळा त्यांना फोटोत दिसत नाही. पूर्वी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून ती डोळा रचतात. फोटो लख्ख होतो, पण पुष्कळदा आजोबांच्या जागी कोणी दुसराच वृद्ध बसलेला असतो. ज्या घरात त्यांचा दुसरा फोटो नाही त्या घराची यात कायमची हानी होते, कारण पुढची पिढी तोच चेहरा खरा मानील. जे फोटोत उरलेलेच नाही ते पुसटच ठेवावे. डोळा रचू नये. अशा साधनांना फोटो पुरविताना तो परक्या संगणकावर जातो, हेही पालकांच्या कानावर घातले पाहिजे, आणि घरचा फोटो शाळेत आणण्यापूर्वी त्यांची संमती घेतली पाहिजे.

व्यवस्था साधी असावी. एका टॅबमागे चार मुले पुरेत: एकाने काम करावे, एकाने मूळ प्रत शेजारी धरावी, उरलेल्या दोघांनी दोन्ही ताडून पाहावे. दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. टॅब नसेल तर शिक्षकांच्या मोबाइलवरही ठिपके पुसण्याचे काम होते. रबरी टोकाच्या स्वस्त लेखणीला हाताचा दाब कळत नाही, परंतु या कामाला बोटही चालते. पहिला फोटो शिक्षकाने स्वतःच्या घरचा आणावा आणि मुलांसमोर अडखळत, विचारत दुरुस्त करावा. सफाईदार प्रात्यक्षिकापेक्षा हे अधिक उपयोगी पडते.

काम पुरे झाल्यावर तालुक्याच्या गावी फोटोची प्रत काढून आणावी आणि मूळ फोटोसह घरी द्यावी. प्रतीच्या मागील बाजूस मऊ पेन्सिलीने फोटोतील माणसांची नावे, पाड्याचे नाव, ठाऊक असल्यास मूळ फोटोचे साल, डागडुजी करणाऱ्या मुलाचे नाव आणि वर्ष लिहावे. फोटोतील कोणता भाग नव्याने रंगविलेला आहे, डावीकडील भिंत, वरचे आकाश, तेही त्याखाली लिहून ठेवावे.